सू परत का गेली? तुम्ही विचारलंत म्हणून

थॉमस हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ वाचलेली माणसं मला भेटली की थोड्याच वेळात या प्रश्नावर येतात: शेवटी सू नवऱ्याकडे परत का गेली? विचारताना आवाजात वैताग असतो. बी.ए.च्या वर्गातल्या मुली विचारतात तेव्हा तर सरळसरळ राग. "मॅडम, एवढी हुशार बाई, अख्खं पुस्तकभर लग्नाच्या विरोधात बोलते आणि शेवटी स्वतःच्या पायांनी त्या मास्तरकडे जाते? लेखकाने फसवलं आपल्याला." मुलगे ज्यूडसाठी हळहळतात, सूचं काय झालं यावर त्यांचं फारसं म्हणणं नसतं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्यूड फॉली हा अनाथ, खेड्यात नात्यातल्या एका म्हातारीकडे वाढलेला. तिच्या बेकरीचा पाव गाडीतून घरोघर पोचवताना याच्या मांडीवर लॅटिनचं पुस्तक असायचं. ख्राइस्टमिन्स्टरच्या विद्यापीठात जायचं, हे एकच वेड. ख्राइस्टमिन्स्टर म्हणजे नाव बदललेलं ऑक्सफर्ड. मध्येच अ‍ॅराबेला या डुकरं पाळणाऱ्याच्या मुलीने दिवस गेल्याची थाप मारून त्याला बोहल्यावर चढवलं आणि काही काळाने ती ऑस्ट्रेलियाला निघून गेली. ज्यूड पाथरवटाचं काम शिकून ख्राइस्टमिन्स्टरला आला. तिथे त्याला सू ब्राइडहेड भेटली, त्याची आतेबहीण. सूने आधी फिलॉट्सन या पोक्त शाळामास्तराशी लग्न केलं, मग त्याला सोडून ती ज्यूडकडे आली. दोघांचेही रीतसर घटस्फोट झाले, तरी त्यांनी एकमेकांशी लग्न केलं नाही. मुलं झाली. आणि एका सकाळी, अ‍ॅराबेलापासून झालेल्या ज्यूडच्या थोरल्या पोराने धाकट्या दोघांना फास लावून स्वतःही गळफास घेतला. त्यानंतर सू फिलॉट्सनकडे गेली आणि ज्यूड दारू, आजारपण आणि अ‍ॅराबेला यांच्या तावडीत सापडून मेला. पुस्तक १८९५ साली आलं तेव्हा इतका गहजब झाला की वेकफिल्डच्या बिशपनी आपण ते आगीत टाकल्याचं जाहीर केलं. हार्डीने त्यानंतर नवी कादंबरी लिहायला घेतली नाही. उरलेली तीसेक वर्षं कविता लिहिल्या.

आता तुमचा प्रश्न. यावर मी आधी उलटा प्रश्न विचारते. ज्यूडला काय व्हायचं होतं? वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही उत्तर देतो. सूला काय व्हायचं होतं? इथे सगळे पुस्तक चाळायला लागतात.

ते चाळून फारसं काही सापडत नाही, कारण ज्यूडच्या महत्त्वाकांक्षेला पत्ता आहे. गावाबाहेरच्या कौलारू कोठाराच्या शिडीवर चढून तो लांबवर ख्राइस्टमिन्स्टरचे दिवे बघू शकतो. कॉलेजांच्या प्रमुखांना पत्रं लिहू शकतो. नकार आला तर तो नकारही लेखी येतो: तुम्ही कामगार आहात, आपल्या पायरीवर राहून आपला धंदा नेटाने करावा हे बरं. ते पत्र वाचून ज्यूड त्याच कॉलेजच्या भिंतीवर खडूने बायबलमधल्या ईयोबाचं वचन लिहून येतो, की मलाही तुमच्याइतकीच अक्कल आहे, मी तुमच्याहून कमी नाही. चिडायला भिंत तरी आहे. सूला नकार देणारं पत्र कोणी लिहिलंच नाही, कारण तिने अर्ज करावा असं ठिकाणच तिच्या डोळ्यांसमोर कधी आलं नाही.

आणि बुद्धी तर दोघांत तिचीच धारदार. एक प्रसंग मी नेहमी मोठ्याने वाचून दाखवते. सू ज्यूडला सहज सांगते की मी माझ्याजवळचा बायबलमधला ‘नवा करार’ कापला, त्यातली पत्रं आणि शुभवर्तमानं सुटी केली आणि ती ज्या क्रमाने लिहिली गेली असतील त्या क्रमाने लावून पुन्हा बांधून घेतली. ज्यूडला हे पाखंड वाटतं. पण त्या शतकात युरोपातल्या विद्यापीठांतले मोठमोठे पंडित याच कामात गढले होते: कुठलं पुस्तक आधीचं, कुठलं नंतरचं. एक मुलगी कात्री घेऊन, कोणी न शिकवता, तेच करते. लॅटिन-ग्रीक तिला धड येत नाही, पण भाषांतरांतून तिने त्या भाषांतले बहुतेक लेखक वाचलेले आहेत. ती पुस्तकं तिला दिली होती ख्राइस्टमिन्स्टरच्या एका विद्यार्थ्याने. ज्यूड ज्या ज्ञानासाठी दारात उभा, ते तिला मागच्या दाराने, एका पुरुषाच्या मैत्रीतून मिळालं. तो मेला. जाताना त्याने तिच्या नावावर थोडे पैसे ठेवले, तेही कुठल्याशा फसव्या कंपनीत बुडाले. हे बुडालेले पैसे लक्षात ठेवा. मला ते फार महत्त्वाचे वाटतात.

बायकांसाठी ऑक्सफर्डचं दार अगदीच बंद होतं असं नाही. समरव्हिल आणि लेडी मार्गारेट हॉल ही दोन कॉलेजं १८७९ साली सुरू झाली. हार्डीने या कथेचा आराखडा १८९०च्या सुमारास मांडला असं तो प्रस्तावनेत सांगतो, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडची एक मुलगी समरव्हिलमध्ये कायदा शिकत होती. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बाई म्हणून इथली सरकारी शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली, मग इंग्लंडमधल्या बायकांनी पैसे जमवले. १८९२ साली तिने कायद्यातल्या बी.सी.एल. पदवीची परीक्षा दिली. पदवी मात्र तीसेक वर्षांनी हातात आली, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं. म्हणजे आत जायलाही पैसा आणि शिफारस हवी. सूच्या बाजूने वर्गणी काढणारं कोण होतं? तिच्या ओळखीत एक पाथरवट आणि एक मास्तर.

मग तिच्यासारखीला उरतं काय? नोकऱ्या. पुस्तकाच्या या भागांवरून लोक भराभर पुढे जातात. मी तिथे थांबते, कारण सूचं उत्तर मला तिथेच सापडतं.

पहिली नोकरी ख्राइस्टमिन्स्टरमध्ये, चर्चला लागणाऱ्या वस्तूंच्या दुकानात. देववचनं सुबक अक्षरांत रंगवायची. एके दिवशी ती फिरत्या विक्रेत्याकडून व्हीनस आणि अपोलो या ग्रीक-रोमन देवतांच्या प्लास्टरच्या मूर्ती घेते, पानांत गुंडाळून घरी आणते आणि मालकीणबाईंना सांगते की हे सेंट पीटर आणि मेरी मॅग्डलेन. (पुस्तकात हसू येण्याच्या जागा मोजक्याच, त्यातली ही एक.) बाईंना खरं कळतं, त्या मूर्ती फोडतात, नोकरी आणि खोली दोन्ही एकदमच जातात. कारण मालकीण आणि घरमालकीण एकच.

मग मेल्चेस्टरचं ट्रेनिंग कॉलेज, शिक्षिका होण्यासाठी. मेल्चेस्टर म्हणजे सॉल्झबरी. हार्डीच्या दोन्ही बहिणी, मेरी आणि केट, सॉल्झबरीच्या अशाच कॉलेजात शिकून शिक्षिका झाल्या आणि जन्मभर अविवाहित राहिल्या. त्यामुळे इथला तपशील ऐकीव वाटत नाही. कारागिरांच्या, दुकानदारांच्या, शेतकऱ्यांच्या, सैनिकांच्या, खलाशांच्या सत्तर मुली. ज्यूड भेटायला जातो तेव्हा सूचे केस घट्ट बांधलेले, हात कामाने खरखरीत झालेले, आणि ती उपाशी आहे. तो तिला खानावळीत नेतो. वर्गसंघर्षावरची भाषणं एका बाजूला आणि वसतिगृहातली पोरगी पोटभर जेवताना एका बाजूला; हार्डी दुसरं निवडतो. पुढे ज्यूडबरोबर फिरायला गेलेली असताना शेवटची गाडी चुकते, रात्र बाहेर जाते, आणि कॉलेज तिला आठवडाभर खोलीत एकटं कोंडायची शिक्षा देतं. सत्तरच्या सत्तर मुली अर्ज करतात, वर्गात हाताची घडी घालून बसतात. उपयोग शून्य. सू मागच्या खिडकीतून उडी टाकते, खांद्याइतक्या पाण्यातून नदी पार करते आणि ओलीचिंब होऊन ज्यूडच्या खोलीवर येते. तिचे कपडे वाळेपर्यंत ती त्याचा रविवारचा सूट घालून शेकोटीपाशी बसते. कॉलेज तिला काढून टाकतं, वर सल्ला देतं की आता अब्रूसाठी त्या माणसाशी लवकर लग्न करून टाक.

त्या माणसाचं आधीच लग्न झालेलं आहे, हे ज्यूडने तिला तोवर सांगितलेलं नसतं. ते कळल्यावर ती फिलॉट्सनशी लग्न करते. रागाने, घाईने, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्या लग्नाचा बेत तिने आधीच ज्यूडला सांगितला होता: ट्रेनिंग संपलं की मोठ्या गावात जोडशाळा घ्यायची, मुलांची त्याने चालवायची, मुलींची तिने, दोघांची मिळून कमाई बरी होईल. एका हुशार, गरीब, विसाव्या वर्षाच्या मुलीला त्या काळी मिळू शकणारी ही सगळ्यात वरची जागा होती, आणि ती नवऱ्यासकटच मिळायची.

ज्यूडची नोकरी गेली तरी छिन्नी-हातोडा त्याच्याजवळ राहतो. दुसऱ्या गावात जाऊन तो दगड घडवू शकतो. सूची प्रत्येक नोकरी तिच्या वागणुकीच्या दाखल्यावर लटकलेली आहे. दाखला फाटला की हातातलं कामही गेलं आणि बहुधा डोक्यावरचं छप्परही. पुढे पुढे तर ज्यूडलाही याची झळ बसते. दोघं राहत त्या ऑल्डब्रिकहॅमजवळच्या एका चर्चमध्ये दहा आज्ञांची अक्षरं नव्याने रंगवायचं काम मिळतं, सू मदतीला जाते, गावातल्या बायका बघून कुजबुजतात आणि ठेकेदार काम काढून घेतो. व्यभिचार करू नकोस, हे रंगवायला असली जोडी चालत नाही.

अ‍ॅराबेलाचं मात्र बरं चाललेलं असतं. मुली तिच्यावर तुटून पडतात. मला ती आवडते, निदान तिचा राग येत नाही. बर्फ पडलेल्या पहाटे डुक्कर मारायचं असतं आणि खाटीक वेळेवर येत नाही तो प्रसंग बघा. अ‍ॅराबेला ज्यूडला बजावते की सुरी उथळ मार, रक्त सावकाश वाहू दे, नाहीतर मांसाला भाव येणार नाही. ज्यूडला त्या जनावराचे हाल बघवत नाहीत, तो सुरी खोल खुपसून एका फटक्यात संपवतो. ती कडाडते. ज्यूडची दया आपल्याला पटते, पण त्या घरात वर्षभराचा हिशेब त्या डुकरावर आहे, आणि तो हिशेब तिला येतो. लग्नाकडेही ती याच नजरेने बघते. खोटं बोलून लग्न, गरज पडली तर दुसरं लग्न, नंतर ज्यूडला दारू पाजून त्याच्याशीच पुन्हा लग्न. तिला वर चढायचं नाही, फक्त बुडायचं नाही. त्या समाजात बाईला हे जमण्यासारखं होतं, आणि तिने जमवलं.

"मग सू-ज्यूडने लग्न करून टाकायचं ना," हा पुढचा प्रश्न ठरलेला. घटस्फोट झालेले होते, अडचण कसली? त्यांनी रजिस्ट्रारच्या कचेरीपर्यंत जाऊन पाहिलं. तिथे आधी उभ्या असलेल्या जोड्या बघून सू परतली: एक नवरी डोळा काळानिळा झालेली, एक नवरदेव नुकताच तुरुंगातून सुटलेला. एकदा सही केली की नवऱ्याची इच्छा हा हक्क होतो, हे तिने फिलॉट्सनच्या घरी भोगलं होतं. रात्री तो चुकून तिच्या खोलीत आला तर तिने खिडकीतून उडी मारली होती. फिलॉट्सन भला माणूस म्हणून त्याने तिला जाऊ दिलं, आणि त्या भलेपणापायी शाळेतून काढला गेला.

इथे मला रखमाबाई आठवतात, आणि त्या ओढूनताणून आठवत नाहीत. बाईने नवऱ्याकडे नांदायला जावं म्हणून कोर्टात दावा लावायचा, ही तजवीज मूळची इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातली. तीच मुंबईत आली आणि १८८४ साली दादाजी भिकाजी या नवऱ्याने रखमाबाईंवर लावली. गंमत अशी की त्याच १८८४ साली इंग्लंडने आपल्याकडे, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं कायद्याने बंद केलं. आणि मुंबईच्या कोर्टाने मार्च १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ साली पैशांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

कायद्याने जा म्हटलं तरी रखमाबाई गेल्या नाहीत. सूला तर कायदा काहीच सांगत नव्हता; ती घटस्फोटित होती, आणि १८९१ सालच्या जॅक्सन खटल्यानंतर इंग्लंडमधला नवरा बायकोला कोंडूनही ठेवू शकत नव्हता. तरी ती गेली. एक धीराची आणि एक कच्ची, असा निकाल लावायचा मोह होतो. रखमाबाईंचा धीर मोठाच होता. पण त्यांच्या मागे आईचं घर होतं, वडिलांकडून आलेली मालमत्ता होती, त्यांच्या बाजूने लिहिणारी, पैसे उभे करणारी माणसं मुंबईत आणि लंडनमध्ये होती. नाही म्हणायलाही पायाखाली जमीन लागते. सूचे पैसे कुठे गेले ते वर सांगितलंच.

आता त्या शेवटच्या दिवसाकडे. सहाव्या भागाचं पहिलं प्रकरण. कुटुंब ख्राइस्टमिन्स्टरला परत आलंय, विद्यापीठाच्या समारंभाच्या दिवशी. सू पोटुशी आहे, बरोबर तीन मुलं. ती म्हणते, आधी राहायला जागा बघू या. ज्यूडला मिरवणूक बघायची आहे. पाऊस येतो. ज्यूड गर्दीपुढे आपल्या फसलेल्या आयुष्यावर भाषण करतो. भाषण सुंदर आहे, परीक्षेला येतं, आणि तो ते देत असताना बायको-मुलं भिजत उभी आहेत. ज्यूडवर माझा जीव आहे, तरी या पानावर त्याला हाताला धरून बाजूला न्यावंसं वाटतं.

मग जागेची शोधाशोध. पोरं बघून, तिचं पोट बघून नकार. शेवटी एका गल्लीत सू आणि मुलांपुरती खोली मिळते, ज्यूडने दुसरीकडे झोपायचं. घरमालकीण विचारते, तुमचं लग्न झालंय ना? सू खरं सांगते. एवढी वर्षं कोणी विचारलं की ती काहीबाही सांगून वेळ मारून नेऊ शकली असती. अ‍ॅराबेलाने तर हसत हसत नेली असती. घरमालक येतो, नवरा-बायकोत वाद होतो, उद्या सकाळी खोली सोडा. आठवड्याचा हक्क असूनही सू भांडत नाही. त्या खोलीच्या मागच्या खिडकीतून समोर दिसते एका कॉलेजची बाहेरची भिंत, चारशे वर्षांची, काळी, एकही खिडकी नसलेली. थोरला पोरगा विचारतो, आमच्यामुळे जागा मिळत नाही ना? सू त्यालाही खरं सांगते, मोठ्या माणसाला सांगावं तसं. आणखी एक बाळ येणार आहे हेही सांगते. सकाळी ते घडलेलं असतं.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हे का घडलं? एक उत्तर असं की घरमालक तसे निघाले, पैसे नव्हते, पाऊस होता, मिरवणूक होती, मी एका पोराशी जास्त बोलले. या उत्तराचं करायचं काय? त्याच्यासह एक दिवसही काढता येत नाही. दुसरं उत्तर असं की मी पाप केलं. त्याला निदान प्रायश्चित्त आहे. सूला चर्चमध्ये जमिनीवर पडून रडताना बघून ज्यूड हादरतो, कारण श्रद्धेतून तिनेच त्याला बाहेर काढलेलं असतं. तिची बुद्धी गेली असं तो म्हणतो. मला वाटतं बुद्धी चालूच होती, फक्त तिला सहन होईल अशा एकमेव हिशेबाकडे ती वळली. आणि आजूबाजूच्या प्रत्येकाने तो हिशेब बरोबर म्हटला. फिलॉट्सननेही. ती परत आली तर आपली पत सुधारेल, जुनी शाळा मिळेल, चर्चमध्येही काही जमेल, हे त्याने आधीच मनात मांडून ठेवलं होतं. तिच्या प्रायश्चित्तावर त्याची बढती. ज्यूडच्या खेड्यातली म्हातारी एडलिनबाई तेवढी स्वच्छ बघते आणि हे लग्न नको म्हणून सांगते. तिचं कोण ऐकतंय.

"लेखकाने फसवलं" याला हार्डीने स्वतःच एक टीप जोडून ठेवली आहे. १९१२च्या आवृत्तीत तो एका जर्मन समीक्षकाचं म्हणणं सांगतो: सू ही त्या काळी हजारोंनी पुढे येत असलेल्या नव्या बाईचं कादंबरीतलं पहिलं चित्र, पण ते पुरुषाने काढलं हे वाईट झालं, बाईने काढलं असतं तर तिला शेवटी कोसळू दिलं नसतं. हार्डी यावर वाद घालत नाही, नुसते खांदे उडवून पुढे जातो. मला त्या समीक्षकाचं अर्धं पटतं. पुरुषाने लिहिल्याच्या खुणा आहेत: सूला फिलॉट्सनचा स्पर्श का नको, हे तिच्या तोंडून नीट येतच नाही, लेखक ते गूढ म्हणून ठेवून देतो. आणि ते तीन मृत्यू मला आजही घडवून आणलेले वाटतात. इतक्या म्हाताऱ्या मनाचं पोर कुठे असतं? पण कोसळू न देणं हे मात्र खोटं झालं असतं. त्या पुस्तकातल्या सगळ्या खोल्या तिने रिकाम्या करून झाल्या होत्या.

त्याच टिपणात हार्डी आणखी एक गोष्ट नोंदवतो. १८९९ साली ऑक्सफर्डमध्ये कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघालं, तेव्हा काही वाचकांचं म्हणणं पडलं की याला ज्यूडचं नाव द्यायला हवं होतं. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावाचा पबही निघाला. सूचं नाव कशाला द्यावं, हा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मेल्चेस्टरच्या त्या सत्तर मुलींपैकी कोणी पुढे मुख्याध्यापिका झाली असेल, तर तिच्या शाळेला द्यायला माझी हरकत नाही.